चाळीस पानांच्या पुढे जातच नाही

ताई,
मी ४३ वर्षांची. राहते बदलापूरला, नोकरी ठाण्यात. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, म्हणून यंदा वाचायचं ठरवलं. प्रदर्शनातून ‘मृत्युंजय’, ‘कोसला’ आणि ‘धग’ घेतल्या. तिन्ही चाळीस-पन्नास पानांवर अडल्या. जाऊबाई वाचनाच्या ग्रुपमध्ये आहेत. त्या चारचौघांत म्हणाल्या, “तुला वाचनाची आवडच नाही, मान्य कर.” आठवीत असताना मामाकडे नारायण धारपांची भुताची पुस्तकं रात्र-रात्र वाचायचे, पण ते काही खरं वाचन नव्हे. गाडीत मात्र शेजारच्या बायका बोलायला लागल्या की माझे कान तिकडेच. मला नक्की काय आवडतं तेच कळत नाही. कुठून सुरुवात करू?
– अर्धवट वाचक

अर्धवट वाचकबाई,

आवड नसलेलं माणूस एक पुस्तक घेतं, तीन घेत नाही. तेव्हा तो मुद्दा निकालात काढू आणि त्या तीन पुस्तकांचं काय बिनसलं ते बघू. तिन्ही एकाच जागी अडल्या, पण एकाच कारणाने नव्हे.

‘मृत्युंजय’चं (१९६७) गणित आधी मांडा. गाडीत बसायला मिळतं ती २५ मिनिटं धरली, तर सवय सुटलेल्या माणसाची एका फेरीत १२ पानं होतात. आठवड्याच्या १० फेऱ्या म्हणजे १२० पानं. पुस्तक सातशे पानांच्या आसपासचं, म्हणजे सहा आठवडे. त्यात कर्णाचं शेवटी काय होतं हे आपल्याला शाळेपासून माहीत. ‘पुढे काय’ या ओढीवर ते पुस्तक चालतच नाही, ते चालतं शिवाजी सावंतांच्या भरजरी भाषेवर. एका उपमेतून बाहेर पडतो तो दुसरी उभी. ती गोडी लागली तर सातशे पानं कमी पडतात. नाही लागली तर सत्तरही जड. पुस्तक ठेवून द्या. कथा सांगणारी माणसं त्यात बदलत जातात. पुढे कधी वाटलं तर थेट कुंती बोलते तो भाग उघडा. काही चुकल्यासारखं वाटणार नाही.

‘कोसला’ची (१९६३) गोष्ट वेगळी. तिथे सगळा खेळ सांगणाऱ्याच्या आवाजाचा. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर पहिल्याच पानापासून जिथे-तिथे ‘उदाहरणार्थ’ पेरत बोलतो. काही जण तिथेच हसतात आणि पुस्तक हातावेगळं करूनच उठतात. बाकीचे “अहो, पण घडतंय कुठे काय?” असं विचारतात. तुम्ही दुसऱ्या गटातल्या. तो आवाज दहा पानांत पटला नाही तर शंभराव्या पानावर पटेल याची आशा करू नका.

‘धग’मध्ये (१९६०) मात्र आवडीआधी कानाचा प्रश्न आहे. कौतिक आणि तिच्या घरातली माणसं वऱ्हाडी बोलतात. ‘मले’, ‘तुले’ हे डोळ्यांना अडखळवतं, कानाला नाही. स्वयंपाकघराचं दार लावून दोन पानं मोठ्याने वाचून बघा, तिसऱ्या पानापासून वाक्यं सरळ होतात. पण त्या घरावर एकामागून एक संकटं कोसळत राहतात, आणि दिवसभर काम करून पाय ओढत घरी येणाऱ्या बाईने परत सुरुवात करायला हे पुस्तक आम्ही सुचवणार नाही. धग सोसायला अंगात थोडी ताकद शिल्लक लागते.

म्हणजे पहिली वेगामुळे सुटली, दुसरी आवाजामुळे आणि तिसरी बोलीमुळे. “मला ऐतिहासिक आवडतं की सामाजिक?” हा प्रश्न त्यामुळे बाजूला ठेवा, त्याने काही हाती लागत नाही. ‘सामाजिक’ या एका शब्दाखाली दुकानदार काय वाट्टेल ते ठेवतो.

आता धारप. ते खरंच वाचन होतं. त्यातून इतकं कळतं की बंद दारामागे काय आहे हे कळेपर्यंत तुम्हाला झोप लागत नाही. आणि गाडीतले कान सांगतात की कोण कुणाशी का बोलत नाही, हे जाणून घ्यायची तुम्हाला हौस आहे. दोन्ही हौशी कादंबरी नावाच्या प्रकारानेच पोसलेल्या आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्हाला हवीत बोलणारी माणसं, लवकर पडणारी गाठ आणि रोजच्या बोलण्याजवळची भाषा.

पहिली घ्या अनिल बर्वे यांची ‘थँक यू, मिस्टर ग्लाड’. अगदी छोटी. तुरुंग, कडक तुरुंगाधिकारी आणि फाशीची शिक्षा झालेला नक्षलवादी कैदी. दोघांच्या जुगलबंदीवर सगळं पुस्तक. आठवडाभराच्या फेऱ्यांत संपेल, आणि कितीतरी वर्षांनी एक पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याची खूण मनात बसेल. त्यासाठीच ती पहिली.

मग श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२). कोकणातलं गाव, कुणाला न जुमानणारा बापू, चहाच्या दुकानवाल्याची बायको राधा, आणि सगळ्या गावाचं दोघांवर लक्ष. तुमचा लेडीज डबाच म्हणा ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ त्याहून मोठा घाट आहे, पण ते दोन जाडजूड खंड. बापू आवडला तरच त्यांच्याकडे वळा. तिसरी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४): नववीतली मुलं, आणीबाणीचा काळ, एका मुलीवरून जीव टांगणीला लागलेला मुकुंद. मुलांची भाषा इतकी तोंडातली आहे की डोळे आपोआप पुढे सरकतात. चौथी कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५), म्हणजे बाईच्या नजरेतून, बाहेर पडून पाहिलेला महाराष्ट्र. ‘बनगरवाडी’ आम्ही मुद्दाम मागे ठेवलीय. पुस्तक लहान म्हणून ती सगळे पहिल्यांदा हातात देतात, पण ती शांतपणे, माणदेशी उन्हासारखी चढत जाते. घाईतल्या वाचकाला ‘छान आहे’ एवढंच वाटून हातातून निसटते.

यातली एकही विकत घेऊ नका. नोकरी ठाण्यात आहे, तर १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय तुमच्या वाटेवरच आहे. अनामत आणि वर्गणी भरा आणि शक्य असेल तर एका वेळी दोन पुस्तकं मिळतील अशी वर्गणी घ्या. एक फसलं तरी आठवडा कोरडा जात नाही. देवघेव विभागात “एखादी चांगली कादंबरी द्या” म्हणालात तर समोरचा माणूस नाइलाजाने ‘मृत्युंजय’च काढून देईल. “दोनशे पानांच्या आतली, घरातल्या किंवा गावातल्या भानगडीची, साध्या भाषेतली” असं सांगा. जुन्या प्रतीच्या मागे तारखांचे शिक्के मारलेला कागद असेल तर बघा. शिक्क्यांची गर्दी असली की लोक ते नेतात. मात्र आत पेन्सिलीच्या रेघा आणि समासात ‘महत्त्वाचे’ दिसलं, तर ती गर्दी परीक्षेची होती.

पुस्तक उचलण्याआधी काउंटरशी उभ्या-उभ्या पाच मिनिटं द्या. मलपृष्ठ वाचू नका. तिथे प्रत्येक कादंबरी ‘मैलाचा दगड’ असते. प्रस्तावनाही आत्ता नको, तिच्यात बऱ्याचदा शेवट फोडलेला असतो. पहिलं पान वाचा, मग चाळिसाव्या पानाच्या आसपासचं एक, कारण तुम्ही तिथेच अडता. आणि मग संवाद भरपूर असलेलं कुठलंही एक. पहिल्या पानावर लेखकाने इस्त्रीचे कपडे घातलेले असतात, चाळिसाव्यावर तो घरच्या कपड्यांत दिसतो. तिथली माणसं कोण हे माहीत नसतानाही ‘हिला एवढा राग का आलाय?’ असं मनात आलं, तर पुस्तक घ्या.

सोडायचं कधी? पानं मोजू नका. दोन दिवस वाचा. तिसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर हात आधी पिशवीतल्या पुस्तकाकडे जातो की फोनकडे, एवढं बघा. सलग दोन दिवस फोनकडे गेला की परत करा. परत करताना डायरीत कारण लिहा, आणि ‘बोअर’ लिहून सुटका करून घेऊ नका. काही घडत नव्हतं? भाषा कळत नव्हती? माणसं नकोशी होती? की नुसतीच झोप येत होती? काही घडत नसेल तर पुढच्या वेळी गूढ किंवा गुन्ह्याकडे सरका. माणसं नकोशी झाली असतील तर लेखक बदला, प्रकार तोच ठेवा. अशा पाच-सहा नोंदी झाल्या की तुमची आवड तुमच्याच अक्षरात लिहिलेली सापडेल.

झोपेचं म्हणाल तर आधी डोळे तपासून घ्या. तुम्ही ४३ वर्षांच्या, आणि आपल्याकडे जवळच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात ते उगीच नाही. हलत्या गाडीत, जुन्या आवृत्तीचा बारीक टाइप पंधरा मिनिटं वाचून डोकं जड झालं की माणूस दोष कादंबरीला देतं.

नवे लेखक चाखायला दिवाळी अंक उत्तम. एका अंकात दहा-पंधरा जण भेटतात, बरीच ग्रंथालयं त्यासाठी वेगळी वर्गणी घेऊन अंक फिरवतात. ज्याची कथा दुसऱ्या दिवशीही आठवली त्याचं नाव टिपून ठेवा आणि त्याची कादंबरी शोधा.

जाऊबाईंशी वाद घालू नका. त्यांना विचारा, “वहिनी, ‘कोसला’त तुम्हाला कुठला प्रसंग सगळ्यात जास्त आवडला?” उत्तर मनापासून आलं तर ऐकून घ्या, कदाचित कामाचं काही निघेल. नाही आलं तर विषय बदलून चहा टाका. आणि ग्रंथालयात जाताना आधारची प्रत नि दोन फोटो बरोबर ठेवा, सुट्टीचा वार आधी फोनवर विचारून घ्या.