स्नोचा मोठा हत्ती: आधी ठोकळा, मग सोंड

अमेरिकेत मिनेसोटातल्या घरापुढे मुलांसोबत आठ फुटी हत्ती करायचाय, पण स्नो भुसभुशीत आहे, ढीग घसरतो आणि सोंड तुटून पडते, असं तुम्ही लिहिलंय. सोंडेचं नंतर बघू. आधी थापत-चिकटवत वर जाणं सोडा. एवढं मोठं शिल्प थापून उभं राहत नाही, ते कोरावं लागतं. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय. तुम्हालाही तेच करायचंय, फक्त खडक आधी स्वतः तयार करायचा.

चार बाय आठ फुटांच्या प्लायवुडच्या चार शीट लांब बाजूवर उभ्या करून चौकट बांधा. आठ बाय आठचा, चार फूट उंच हौद होतो. कोपरे स्क्रूने जोडा आणि बाहेरून रॅचेटचे (खटका फिरवून ताणायचे) पट्टे आवळा, कारण आत तुडवायला लागलं की फळ्या बाहेर ढकलल्या जातात. सहा-आठ इंच स्नो टाकायचा, बूट घालून कोपऱ्यांपर्यंत तुडवायचा, मग पुढचा थर. हे काम मुलांनाच द्या, त्यांच्याइतकं मनापासून कोणी नाचत नाही. डोक्यासाठी वर चार बाय चारची छोटी चौकट.

किती स्नो लागेल याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. ताजा स्नो तुडवला की चौथा-पाचवा हिस्साच उरतो. खालचे २५६ घनफूट भरायला, सहा इंच पडला असेल तर, दोन हजार चौरस फुटांहून जास्त जागा खरवडावी लागते. म्हणून शेजाऱ्यांकडे मागा, लोक आनंदाने देतात. तुमच्याच राज्यात न्यू ब्रायटनला तीन भावांनी २०१२ पासून घरापुढे पफरफिश, वॉलरस, मग १६ फुटी शार्क उभे केले, ते असाच आसपासचा स्नो गोळा करून. बघायला येणाऱ्यांकडून त्यांनी स्वच्छ पाण्याच्या कामासाठी देणग्याही जमवल्या. मला हे फार मोठं वाटतं. मीठ टाकलेल्या ड्राइव्हवेचा स्नो मात्र अजिबात घेऊ नका, तो आतून पोखरतो.

आता भुसभुशीतपणा. कडाक्याच्या थंडीतला स्नो मुठीत वळत नाही, म्हणून लोक पाइपने पाणी मारतात. त्याने आत बर्फाच्या गाठी होतात आणि करवत तिथे अडकते. त्यापेक्षा स्नो ब्लोअरने, म्हणजे स्नो उडवून बाजूला टाकणाऱ्या यंत्राने, हौदात फेका. स्नोच्या पाकळ्या मोडून बारीक दाणे होतात, ते दाटीने बसतात आणि नुसते पडून राहिले तरी एकमेकांना जोडले जातात, त्यासाठी वितळावं लागत नाही. किमान एक रात्र द्या, जमल्यास दोन. मगच फळ्या काढा.

कोरायला ड्रायवॉलची (जिप्समच्या भिंती कापायची) करवत, सपाट फावडं आणि पृष्ठभागासाठी जुनी किसणी पुरते. कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिजच्या स्पर्धेत बारा फुटी, पंचवीस टनी ठोकळेसुद्धा हातच्या अवजारांनीच कोरतात. वरून सुरुवात करा, म्हणजे पडणारा चुरा झालेल्या कामावर येत नाही. हत्ती बसलेला घ्या. चार पायांमध्ये मोकळी जागा काढायला जाऊ नका, पाय ठोकळ्यावरच उठावात दाखवा. सोंड छातीला चिकटलेली ठेवा, टोक जमिनीला टेकू द्या. कान सुटे हवेच असतील तर मुळाशी जाड ठेवा. तडा गेला तर स्नो आणि पाण्याचा लगदा भरून गोठू द्या, तेवढ्यापुरतं पाणी चालतं.

रेघा खोल मारा. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, दिसते ती सावली. डोळ्याची खोबण दोन-तीन इंच आत गेली नाही तर रस्त्यावरून हत्तीला चेहराच नसतो. रात्री दिवा समोर नाही, बाजूला ठेवा.

जागा घराच्या उत्तरेला मिळाली तर उत्तम. दक्षिणेच्या उन्हात त्याच बाजूने झीज होते आणि शिल्प तिकडे कलतं. हायड्रंट, म्हणजे रस्त्याकडेचा आग विझवायचा नळ, मोकळा राहू द्या, ड्राइव्हवेच्या तोंडाशी गाड्यांना आडोसा होऊ देऊ नका. मुलं आत बोगदा करायचा हट्ट धरतील, तिथे ठाम नाही म्हणा: खालचा ठोकळाच तीन टनांच्या पुढे जातो. मार्चमध्ये हत्ती कलायला लागला की वाट बघू नका, मुलांना लांब उभं करून लांब दांड्याच्या फावड्याने डोकं आधी उतरवा.