पैसे नसतील तर मोठ्या खासगी दवाखान्यात मोफत उपचार खरंच मिळतात का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना जिल्हा रुग्णालयातून पुण्याला न्यायला सांगितलंय, घरात पिवळं रेशनकार्ड आहे आणि हातात पैसा नाही. मिळतात मोफत उपचार. दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असेल तर ती कुणाची मेहरबानी नाही, कायदाच आहे. पण तिथं आपणहून कुणी सांगत नाही, मागावं लागतं. आणि गरीब माणूस नेमका तिथंच अडतो.

माझे मामा मार्केट यार्डात हमाली करायचे. छातीत दुखायला लागलं म्हणून जवळच्याच ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. काउंटरवर पहिला प्रश्न डिपॉझिटचा, पन्नास हजार. मामीनं पिशवीतून रेशनकार्ड काढलं. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं, वरून रबर लावलेलं, घडीवर झिजून मामांचं नाव अर्धं पुसलेलं. समोरच्या मुलीनं ते हातातसुद्धा घेतलं नाही. ‘चॅरिटीचे बेड फुल आहेत,’ एवढंच म्हणाली. मामी गुपचूप मागं फिरली. दवाखान्यातली माणसं सांगतात म्हणजे नसतील बेड, असं तिला वाटलं. शिकलेला असून मलाही तसंच वाटलं. पुढं सरकारी रुग्णालयात मामा वाचले, पण वाया गेलेल्या त्या तासाचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

नंतर मी कायदा वाचून काढला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, कलम ४१ कक. उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून त्याखाली योजना चालते. धर्मादाय दवाखान्यानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत द्यायच्या आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची, निर्धन रुग्णाची औषधं, इम्प्लांट यांचा खर्च त्यातून भागतो. या रुग्णांकडून डिपॉझिट मागायचंच नाही. आणि जीव धोक्यात असेल तर आधी दाखल करून घ्यायचं.

म्हणून गेल्यावर बिलिंगच्या काउंटरवर वाद घालत बसू नका. समाजसेवक कुठं बसतात ते विचारा, एमएसडब्ल्यू म्हटलं की लगेच कळतं. ‘निर्धन रुग्ण योजनेतून दाखल करायचंय’ हेच शब्द वापरा. बेड नाहीत म्हणाले तर तसं लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बरेचदा सूर बदलतो, हे मी नंतर शेजारच्या दोघांच्या वेळी स्वतः पाहिलंय. तरी नाहीच म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. महात्मा फुले या सरकारी मोफत उपचार योजनेच्या आरोग्यमित्रालाही भेटा, म्हणजे त्या योजनेसाठी दवाखान्यात बसवलेल्या माणसाला. ती योजना ठरावीक आजारांना आणि शस्त्रक्रियांनाच लागू होते, पण वडिलांचा आजार यादीत असला आणि दवाखाना त्या योजनेत असला तर प्रश्नच मिटतो.

एक गोष्ट मात्र निघायच्या आधी करा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढायला टाका. तो तुमच्याच तालुक्यात मिळतो, पुण्यात नाही. मामांच्या दाखल्यासाठी मामीला पेशंटला सोडून गावी जावं लागलं होतं, दोन दिवसांची मजुरी बुडवून.