लॅबने आमच्या बोअरचं पाणी 'पिण्यास योग्य' म्हणून दिलंय, पण शेजारीच एमआयडीसी आहे. कॅन्सरची भीती बाळगावी का?

शिक्का नंतर बघा. त्या रिपोर्टात काय काय तपासलंय ते आधी वाचा. पीएच, टीडीएस (म्हणजे विरघळलेले क्षार), कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, कोलिफॉर्म जंतू एवढंच असेल, तर कारखान्याबद्दल तो कागद एक अक्षर बोलत नाही.

आमचं गाव एमआयडीसीच्या खालच्या अंगाला. नाव टाकत नाही, दीर अजून तिथेच ऑपरेटर आहेत. पावसाने जोर धरला की नाल्याला फेस यायचा आणि विहिरीच्या पाण्याला थिनरसारखा वास. वाडीत कॅन्सरचे पेशंट वाढले. शेजारच्या काकूंनी तर उभ्या जन्मात मशेरीसुद्धा लावली नव्हती. ग्रामसभेत मी विषय काढला, तर भाऊजीच उठले, हातात रिपोर्ट. "वहिनी, पाणी पास आहे. पाण्यानेच होतं हे सिद्ध करा, नाहीतर लोकांच्या पोटावर पाय आणू नका." टाळ्या पडल्या. नमुना कधी घेतला विचारलं, तर म्हणे जानेवारीत. वास येतो पावसाळ्यात! आणि हेच भाऊजी दर शनिवारी कंपनीच्या कॅन्टीनमधला विकतच्या पाण्याचा जार घरी आणायचे. पोरांसाठी. सासूबाई मात्र विहिरीचंच प्यायच्या.

'सिद्ध करा' म्हणणाऱ्याला माहीत असतं की एका वाडीला ते जमणार नाही. अमेरिकेत पार्कर्सबर्गच्या आसपास, जिथे कारखान्यातलं पीएफओए हे रसायन पिण्याच्या पाण्यात उतरलं होतं, सुमारे 69,000 लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा कुठे त्याचा मूत्रपिंडाच्या आणि वृषणाच्या कॅन्सरशी संबंध असावा, असं तज्ज्ञांनी लिहून दिलं. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते कॅन्सरकारक म्हणून जाहीर केलं. अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 4 नॅनोग्रॅम ठरवली. आपल्या 2012 च्या आयएस 10500 मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, त्याचा रकानाच नाही.

वास नाही म्हणूनही निर्धास्त राहू नका. इटलीत व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनोला मितेनी नावाचा कारखाना याच गटातली रसायनं, म्हणजे पीफास, बनवायचा. ती भूजलात उतरली, साडेतीन लाखांच्या आसपास लोकांच्या भागात पसरली. पोरांच्या रक्ताचे आकडे हातात आल्यावर तिथल्या आया 'मामे नो पीफास' म्हणत रस्त्यावर आल्या. 2018 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि जून 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा सुनावली, कुणाला साडेसतरा वर्षांपर्यंत. त्या कारखान्याची यंत्रं लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती आली आपल्या रत्नागिरीतल्या लोटे-परशुरामला. आता बोला.

तुम्ही असं करा. शेजारच्या कारखान्याला प्रदूषण मंडळाने दिलेलं संमतीपत्र माहिती अधिकारात मागवा. त्यात उत्पादनांची यादी असते, त्यावरून काय तपासायचं ते ठरवा. जड धातू, बेंझिनसारखे सॉल्व्हंट (थिनरसारखी उडून जाणारी द्रावकं) आणि पीफास या चाचण्या वेगळ्या सांगाव्या लागतात आणि महागही असतात, तेव्हा चार घरांनी मिळून करा. सॉल्व्हंटसाठी काचेची बाटली गळ्यापर्यंत भरा, आत बुडबुडा राहता कामा नये. नमुना स्वतः घ्या, तोही वास येतो त्याच महिन्यात. टीडीएस मीटरवाल्याला दारात उभं करू नका, त्या मीटरवर यातलं काही कळत नाही. उकळून यातलं बरंचसं जात नाही, पीफास तर नाहीच. चांगल्या आरओने पीफास आणि जड धातू बऱ्यापैकी अडतात.

मी डॉक्टर नाही. एकेका पेशंटला कशामुळे झालं हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, मीही काकूंबद्दल सांगणार नाही. तंबाखू चालू असेल तर आधी तो सोडा.

आणि पाणी साठवायला भंगारातला निळा ड्रम वापरत असाल तर आजच काढा. त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आमच्याकडचा भाऊजींनीच आणला होता, कंपनीतून, फुकट मिळाला म्हणून.