परेड ग्राउंडवरचं नाव

पासिंग आउटच्या तालमीत खडकवासल्याच्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) खेत्रपाल परेड ग्राउंडवर टाचा दुखेपर्यंत उभा राहशील, तेव्हा त्या नावाकडे नुसतं पाटी म्हणून बघू नकोस. अरुण खेत्रपाल याच अकॅडमीतला, जन्मही पुण्याचा. जून १९७१ मध्ये कमिशन, १६ डिसेंबरला भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईत वीरमरण. वय २१, नोकरी सहा महिन्यांची! युद्ध सुरू झालं तेव्हा तो नगरला यंग ऑफिसर्स कोर्स करत होता.

रणगाडा पेटला, मागे येण्याचा आदेश आला, पण तोफ चालतेय म्हणून त्याने तो सोडला नाही. हे तुला कुणीही सांगेल. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्याच्या सेंच्युरियन रणगाड्यात चौघं असतात: कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर. सहा महिन्यांच्या पोरावर बाकी तिघांनी विश्वास का ठेवला असेल? तो काही परमवीर चक्र बघून नाही, ते मरणोत्तर मिळालं.

माझ्या पहिल्या ट्रूपमध्ये, म्हणजे रणगाड्यांच्या तुकडीत, मी ड्रायव्हरला महिनाभर आडनावानेच हाका मारल्या. त्याच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेत, हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्या संध्याकाळी त्याच्यासमोर चहा घेऊन बसलो तर काय बोलावं तेच सुचेना.

तेव्हा तू युनिटमध्ये गेलास की आधी हात ग्रीसने माखून घे. रणगाड्याच्या ट्रॅकची (साखळीपट्ट्याची) पिन जवानांबरोबर ठोक. शौर्यकथा पाठ करायला पुढे भरपूर वेळ आहे.