गावच्या घरातला तांब्याचा बंब पेटवताना फार धूर होतो. नीट कसा पेटवायचा?

धुराचं आधी उरकते. खालची राख काढलेली नसणार, नाहीतर लाकूड ओलं असणार. राख काढा, मधल्या नळकांड्यातली काजळी काठीला चिंधी बांधून पुसा, पातेरा (सुका पालापाचोळा) आणि दोन करवंट्या पेटल्या की मग ढलप्या सोडा. गळ्यापर्यंत ठासू नका. झालं. पण त्याआधी बंबात पाणी आहे ना ते बघा, माझं सगळं दुखणं तिथे आहे.

देवरुखला आमच्याकडे दिवाळीला वीस माणसं. आदल्या संध्याकाळी मीच बंब घासून, भरून, झेंडूची माळ घातलेली. रात्री उशिरा मुंबईहून पुतण्या आला, अंघोळ करून झोपला. परत कोण भरणार? पहाटे थोरले भाऊजी उटणं चोपडून हजर. "बायकांना बंब पेटवता येत नाही" म्हणत नारळाच्या सोडणांवर रॉकेल ओतलं, काडी लावली. मी विचारलं, पाणी बघितलंत का? म्हणे, तूच भरलंयस ना! पाव तासाने नळ सोडला तर नुसता फुसफुस. घाबरून त्यांनी वरून गार पाण्याची बादलीच ओतली. वाफेचा असा भपकारा आला की भाऊजी पंच्यासकट अंगणात, आणि राखेच्या तोंडातून काळं पाणी बदाबदा. सांधे जोडणारा डाक सुटला होता.

पाणी असेपर्यंत तांबं १०० अंशांच्या फार वर जात नाही. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, पण शिसं-कथलाचा डाक दोनशे-अडीचशेतच पाघळतो.

घरात मात्र आजही "धाकटीने", म्हणजे मी, "नळ उघडा टाकला" असंच सांगतात. अहो, उघडा होता तर पाव तासाने भाऊजींनी सोडला तो कुठला नळ?

तर, बोटाच्या पेराने बंब वाजवा. भरलेला बद्द वाजतो, रिकामा टणटणतो. रॉकेल नकोच, निखाऱ्यावर तर मुळीच नको, भडका सरळ तोंडावर येतो. झाकण घट्ट बसवू नका, वाफेला वाट हवी.

आणि हो, बंब न्हाणीतच असेल तर दार-झरोका बंद करून अंघोळीला बसू नका. धूर संपून नुसते निखारे उरले तरी कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्याला वासही नसतो, माणूस चक्कर येऊन पडतो तेव्हाच कळतं. आमच्या न्हाणीच्या भिंती अर्ध्याच आहेत, म्हणून हे आधी सुचलं नाही.