सी स्केलच्या माउथऑर्गनवर गाणं जुळत नाही. गाण्याची पट्टी कशी ओळखायची आणि कशी बदलायची?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे दहा भोकांचा, सी स्केलचा माउथऑर्गन आहे, मोबाइलवर गाणं लावून सोबत वाजवलं की बेसूर होतं आणि आर्वीकडच्या तुमच्या गावात विचारायला कोणी नाही. मी दारव्ह्याच्या बाजूचा. माझीही तीच गत होती. नशीब एवढंच, की भजनी मंडळातले पेटीवाले काका आमच्या घरासमोर राहायचे.

आधी हे समजून घ्या की तुमच्या माउथऑर्गनमध्ये पेटीच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या आहेत, काळी एकही नाही. श्वास वाकवून काही काळ्या काढता येतात, पण ते पुढचं काम. गाणं काळी एकमध्ये असेल, म्हणजे त्याचा सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर असेल, तर तुम्ही कितीही दम लावा, जुळायचं नाही.

पट्टी ओळखायची म्हणजे गाण्याचा सा शोधायचा. ध्रुपदाची ओळ संपते आणि गाणारा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येऊन थांबतो, तो स्वर बहुतेक वेळा सा असतो. तिथंच गाणं बंद करा आणि तो स्वर गळ्यात धरून ठेवा, नुसतं ‘आ’ म्हणत. मग फोनवर पियानोचं कुठलंही फुकट अॅप उघडून एकेक पट्टी दाबत जा. जी गळ्याशी एकजीव होते ती तुमची पट्टी. खात्री करायला तानपुऱ्याचं अॅप त्या पट्टीवर लावा आणि गाणं सुरुवातीपासून सोबत चालू द्या. सा चुकला असेल तर दोन ओळींत कान तक्रार करतात. फक्त एक सांभाळा: प धरला तरी गोड लागतं, आणि मी अजूनही कधीकधी त्यात फसतो. म्हणून सापडलेल्या स्वरापासून सारेगमप म्हणून बघा आणि गाण्याची चाल त्यात बसते का ते पाहा.

आता नावं. सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, ई पांढरी तीन, एफ पांढरी चार, जी पांढरी पाच, ए पांढरी सहा, बी पांढरी सात. पहिल्या दोन काळ्या एक-दोनच्या आणि दोन-तीनच्या मधे, पुढच्या तीन चारपासून सातपर्यंत. तीन आणि चारच्या मधे काळी नाही, तसंच सात आणि पुढच्या एकच्या मधेही नाही. पायऱ्या मोजताना नवीन माणूस हमखास इथं अडखळतो.

गाण्याचं स्केल सांगणारी अॅपं असतात, मीही वापरतो, पण त्यांच्यावर जीव टाकू नका. एका उदास चालीच्या गाण्याला अॅपनं ‘सी मेजर’ सांगितलं, म्हणजे सा सीवर आणि सगळे स्वर शुद्ध. म्हटलं, वा, आपलाच माउथऑर्गन! वहीत सरगम होती, त्यात ग, ध, नि कोमल, म्हणजे शुद्ध स्वराच्या लगेच खालचे. मी चार नंबरच्या भोकात फुंकून सा घेतला आणि आठ दिवस कोमल ग शोधत बसलो. तो तिथं नव्हताच. संध्याकाळी मारुतीच्या पारावर माझी ती खटपट ऐकून काका म्हणाले, “काऊन बे, सा कुठून घेऊन रायला तू?” त्यांनी पेटीवर पांढरी सहा दाबून धरली. “हा पाय, अठी हाय तुह्या गान्याचा सा.” मी सहा नंबरच्या भोकातून श्वास आत ओढला, तोच स्वर. सात ओढून रे, सात फुंकून कोमल ग, आठ ओढून म, आठ फुंकून प, नऊ ओढून कोमल ध, नऊ फुंकून कोमल नि, दहा ओढून वरचा सा. गाणं ए मायनरचं होतं. सी मेजर आणि ए मायनरचे सातही स्वर तेच असतात, फक्त सा वेगळा, म्हणून अॅपची गल्लत झाली. अॅपनं सी मेजर म्हटलं आणि गाणं उदास वाटलं, तर पांढरी सहा तपासून बघाच.

पट्टी सापडल्यावर दोन वाटा आहेत. पहिली, गाणंच सरकवायची. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात गाणं उघडा, सगळं निवडा, इफेक्टमध्ये ‘चेंज पिच’ घ्या आणि सेमिटोनच्या रकान्यात आकडा टाका. एक सेमिटोन म्हणजे पेटीवरची एक पायरी, काळ्या धरून. गाणं काळी पाचमध्ये असेल तर अधिक २ टाकले की पांढरी एक. काळी एकमध्ये असेल तर उणे १. मूळ पट्टी कोणती याचा अंदाज ते स्वतः दाखवतं, तिकडे बघू नका, आपण शोधलेलीच खरी. स्पीड बदलणारा पर्याय घेऊ नका. त्यात स्वरासोबत लयही पळते. सुमारे ६ टक्के वेग वाढवला की गाणं एक पायरी चढतं, जुन्या टेपरेकॉर्डरसारखं. उलट फोनच्या प्लेअरमधला वेग बहुधा स्वर जागीच ठेवतो, म्हणून तो सावकाश सरावाला चांगला, पट्टी बदलायला बिनकामाचा. फोनवर पिच बदलणारी अॅपं आहेत, सेमिटोनचा आकडा देता येईल असं घ्या. काही जुनी रेकॉर्डिंगं दोन पट्ट्यांच्या मधेच लागतात. तिथं ०.३, ०.४ असं करत कानानं जुळवा.

तीन पायऱ्यांपलीकडे मात्र शक्यतो जाऊ नका. वर नेलं तर गायिकेची चिमणी होते, खाली नेलं तर गायकाला सर्दी.

म्हणून दुसरी वाट, आणि मला हीच जास्त आवडते: गाणं जवळच्या सोयीच्या पट्टीत आणायचं आणि सा माउथऑर्गनवर दुसरीकडे घ्यायचा. आपल्याकडची बरीच भजनं, लोकगीतं पाचच स्वरांवर चालतात. भूप रागाची चाल घ्या: सा रे ग प ध. ती तुमच्या एकाच माउथऑर्गनवर पांढरी एक, पांढरी चार आणि पांढरी पाच, तिन्हीकडून निघते. पांढरी चारवर पाच ओढून सा, सहा फुंकून रे, सहा ओढून ग, सात फुंकून प, आठ ओढून ध, नऊ ओढून वरचा सा. एकदा बसून करून बघा, हसू येईल इतकं सोपं आहे. शुद्ध म लागला तर मात्र पांढरी चारची वाट बंद, कारण तो काळी पाचवर पडतो. पांढरी पाचवर म मिळतो, पण नि कोमलच मिळतो; चालीत कोमल नि असेल तर उत्तमच.

समजा गाणं काळी तीनमध्ये आहे. सीपर्यंत न्यायचं तर सहा पायऱ्या, आवाजाची वाट लागेल. एक पायरी वर ढकला, पांढरी पाच झाली. एक खाली घ्या, पांढरी चार. चालीत कोणता म, कोणता नि आहे बघून ठरवा.

सरावासाठी मधलीच भोकं धरा, चार ते सात. सीवरून वाजवताना पूर्ण सप्तक फक्त तिथंच आहे. खाली म आणि ध गायब, वर नि गायब. तुमच्या निम्म्या गाण्यांत ‘एक स्वर सापडतच नाही’ असं जे लिहिलंय, ते बहुतेक खालच्या भोकांवर वाजवल्यामुळे.

भजनात वाजवायला बसलात तर उलटं करावं लागेल. तिथं पेटीवाल्याची आणि गाणाऱ्याची पट्टी चालते, गाणं सरकवायची सोय नाही. आमचं मंडळ काळी दोनला गातं. त्यासाठी मी ई फ्लॅटचा, म्हणजे काळी दोनचाच, वेगळा माउथऑर्गन घेतला, तोवर टाळ वाजवले.

आणि बदललेल्या फाइलच्या नावात ‘काळी पाच, अधिक २’ असं लिहून ठेवत जा. मी सुरुवातीला नाही लिहिलं, आता एकेका गाण्याच्या चार-चार फाइली पडल्या आहेत आणि मूळ कोणती ते परत पेटीवर शोधावं लागतं.