वाचकांचे प्रश्न : रिपोर्टमधले लाल बाण आणि कडक झालेल्या रक्तवाहिन्या

प्रश्न : डॉक्टर, वय 52, नाशिकला नोकरी करतो. कंपनीने फुल बॉडी चेकअप करून दिलं, त्यात हातापायाला पट्टे बांधून एक टेस्ट केली आणि रिपोर्टमध्ये पल्स वेव्ह व्हेलॉसिटी 1480 सेंमी प्रति सेकंद आलंय. नेटवर लिमिट 10 मीटर दाखवतायत, म्हणजे माझं 14.8 झालं की! शिवाय एचएस-सीआरपी 4.6 आणि होमोसिस्टीन 28, दोन्हीसमोर लाल बाण. बीपी त्या दिवशी 142/88. लॅबवाले म्हणतात अजून मार्करचं सात हजारांचं पॅकेज करा. करू का? घरात सगळे शाकाहारी आहोत.

उत्तर : पॅकेज करू नका, हे आधीच सांगून टाकतो. आणि तो 10 चा आकडा तुमच्या टेस्टचा नाहीचए. तो मान आणि जांघ इथली नाडी पकडून, म्हणजे मुख्यतः महाधमनीतून (हृदयातून निघणारी मोठी धमनी) नाडीची लाट किती जोरात जाते ते मोजतात, त्याचा. धमनी जितकी कडक तितकी लाट जोरात. तुमची मोजलीय दंड ते घोटा, त्यात पायातल्या मुळातच कडक असलेल्या धमन्या येतात त्यामुळे आकडा मोठाच निघतो. जपानमध्ये ही पट्टेवाली टेस्ट सगळ्यात जास्त वापरतात आणि तिथल्या बीपीच्या गाइडलाइनमध्ये धोक्याची रेघ 18 मीटरला आहे. म्हणजे 14.8 लगेच घाबरण्यासारखं नाही, पण 52 व्या वर्षी 142 बीपी असताना अगदी झकास पण नाही म्हणणार मी. त्यात टेस्टच्या आधी चहा, सिगरेट झालेली असेल, जिना चढून धापा टाकत आलेले असाल, दहा मिनिटं पडून राहू दिलं नसेल तर आकडा अजून फुगतो. कॅम्पच्या रांगेत कोण कोणाला दहा मिनिटं झोपू देतंय!

आता कडक होते म्हणजे काय. महाधमनीच्या भिंतीत इलास्टिन नावाचे तंतू असतात, ते बहुतेक सगळे लहानपणीच तयार होतात, नंतर शरीर नवे फारसे करत नाही. पायजम्याच्या इलॅस्टिकसारखं, रोज ताणून ताणून एक एक धागा तुटतो, आणि मग ताण येतो कोलॅजन नावाच्या ताठ तंतूंवर, जे ताणलेच जात नाहीत. त्यामुळे वय आणि बीपी हे दोन मोठे गुन्हेगार, बाकी सगळे त्यांच्या मागून येतात. मोजमाप मात्र फालतू नाहीये हं, 2010 साली 17 अभ्यास एकत्र केले, जवळपास 16 हजार माणसं, तर महाधमनीतला वेग सेकंदाला 1 मीटरने जास्त असला की हृदयविकार आणि स्ट्रोकसारख्या घटनांचा धोका साधारण 14 टक्क्यांनी जास्त दिसला.

मग रक्तातल्या मार्करचं काय? अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावात 1948 पासून आणि नेदरलँड्सच्या रॉटरडॅममध्ये 1990 पासून साध्या लोकांना, म्हणजे पेशंट नव्हे, चालत्याबोलत्या माणसांना, वर्षानुवर्षं तपासतायत. रॉटरडॅममध्ये ज्यांचं सीआरपी, म्हणजे शरीरात कुठे सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन, जास्त त्यांच्या धमन्या जास्त कडक असं दिसलंच. पण सुटलेलं पोट, शुगर, बीपी, सिगरेट हे सीआरपी पण वाढवतात आणि धमनी पण कडक करतात, ते हिशेबातून वजा केले की मार्करच्या वाट्याला फार थोडं उरतं. आणि ज्यांच्या जीन्समुळेच जन्मभर सीआरपी वर असतं त्यांना हार्ट अटॅक जास्त येत नाहीत, म्हणजे सीआरपी स्वतः चोर नाही, चोरी झाल्याची ओरड करणारा आहे. सूज मात्र निर्दोष नाही. अथेन्समध्ये धडधाकट लोकांना टायफॉइडची लस देऊन मुद्दाम थोडी सूज आणली तर काही तासांत त्यांच्या लाटेचा वेग वाढला, आणि संधिवाताच्या पेशंटच्या धमन्या वयाच्या मानाने कडक असतात हे तर बऱ्याच वेळा दिसलंय. तुमचं 4.6 मात्र हलत्या दाढेचं असेल, नुकत्याच झालेल्या सर्दीचं असेल, पोटाच्या घेराचं पण असेल. ठणठणीत असताना दोनतीन आठवड्यांनी पुन्हा करा, एवढंच.

होमोसिस्टीन, म्हणजे बी-12 कमी पडलं की रक्तात साचणारं एक अमिनो अॅसिड, त्या 28 चं गुपित तुम्ही शेवटच्या वाक्यात लिहिलंयत, शाकाहारी म्हणून. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने पुणे परिसरातले 441 पुरुष तपासले होते, 2006 साली ते छापून आलं, त्यात 67 टक्क्यांचं बी-12 कमी आणि 58 टक्क्यांचं होमोसिस्टीन जास्त, आणि शाकाहाऱ्यांमध्ये हे प्रकरण जास्त. तेव्हा आधी बी-12 तपासा आणि कमी निघालं तर डॉक्टरांना विचारून घ्या, नसांना आणि रक्ताला ते लागतंच. पण त्याने धमन्या नरम होतील ही आशा नको. होप-2 नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये साडेपाच हजार लोकांपैकी निम्म्यांना बी-12, बी-6 आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या, होमोसिस्टीन छान खाली आलं, हार्ट अटॅक काही घटले नाहीत.

सात हजारांतल्या दोनेक हजारांत दंडावर बांधायचं बीपी मशीन घ्या, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बसून मोजा, सरासरी 135/85 च्या वर गेली की ती वही घेऊन डॉक्टरकडे जा. एचबीए1सी (मागच्या काही महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड, क्रिएटिनिन करा, आणि किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, जे कोणी करतच नाही आणि स्वस्त असतं. पापड, लोणचं, फरसाण, शेंगदाण्याची चटणी, सगळं मिळून मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत बसतंय का बघा. नाही बसणार.

प्रश्न : सासूबाई 74 वर्षांच्या, बीपी 168/66. आमचे हे म्हणतात खालचं छान आहे, वरचं वयामुळे वाढतं, गोळी कशाला. खरं का? (ठाणे)

उत्तर : वयामुळे वाढतं हे खरं, म्हणून सोडून द्यायचं हे खोटं. हृदय रक्त ढकलतं तेव्हा लवचिक महाधमनी फुगून थोडं साठवते आणि मग हळूहळू सोडते. कडक झाली की फुगत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो, आणि साठा नसल्यामुळे मधल्या वेळात खालचा पडतो. म्हणजे ते 66 छान नाही, त्याच आजाराची दुसरी बाजू आहे. वरच्या-खालच्यातला फरक 102 आहे, तो बघा. 1991 साली शेप ट्रायलमध्ये साठीपुढच्या, फक्त वरचं बीपी वाढलेल्या लोकांना क्लोरथॅलिडोन हे साधं, स्वस्त औषध देऊन स्ट्रोक 36 टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा औषध लागेलच बहुतेक, पण कमी डोसने सुरुवात, आणि उभं राहिल्यावरचं बीपी पण मोजायला सांगा, चक्कर येऊन पडल्या तर खुब्याचं निस्तरत बसावं लागेल.

प्रश्न : यूट्यूबवर बघून आईला व्हिटॅमिन के-2 सुरू केलंय, धमन्यांमधलं कॅल्शियम निघतं म्हणतात. तिचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेला आहे, अॅसिट्रॉम हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू आहे. किती दिवस द्यायचं? (सांगली)

उत्तर : हे वाचल्यावर मासिक बाजूला ठेवा आणि अॅसिट्रॉम लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. आजच. के-2 चं विज्ञान अगदीच हवेतलं नाही, भिंतीत कॅल्शियम बसू न देणारं एक प्रोटीन के व्हिटॅमिनशिवाय कामाला लागत नाही, आणि ते बिनकामाचं पडून असलेलं ज्यांच्या रक्तात जास्त सापडतं त्यांच्या धमन्या कडक असल्याचं अभ्यासांत दिसलंय. गोळ्या देऊन केलेल्या ट्रायल्स मात्र कधी होकार देतात कधी नकार. पण तुमच्या आईला हा सगळा खल लागूच नाही, कारण अॅसिट्रॉम काम करतं तेच के व्हिटॅमिन अडवून, आणि तुम्ही वरून तेच देताय, थोडा डोस पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) खाली आणू शकतो आणि व्हॉल्व्हवर गुठळी होऊ शकते. डॉक्टरांना न सांगता गुपचूप बंद पण करू नका, कारण मधे कोणी आयएनआर बघून अॅसिट्रॉम वाढवलं असेल तर के-2 थांबवल्यावर उलटं रक्तस्रावाचं संकट. किती एमसीजीची गोळी आहे आणि कुठल्या तारखेपासून चालू आहे ते डबीवरून बघून सांगा, आणि आयएनआर ते म्हणतील तेव्हा, बहुधा उद्याच.